दोरीचा साप, मृगजळ आणि प्रचिती : ‘दासबोधा’तील एका समासाच्या निमित्ताने

१

मराठी संतवाङ्मयाच्या अभ्यासात काही दृष्टान्त इतके रुळून गेले आहेत की ते आता वाचलेच जात नाहीत; केवळ ओळखले जातात. रज्जुसर्प, शुक्तिरजत आणि मृगजळ ही त्रयी त्यांपैकी सर्वांत परिचित. अंधारात दोरी सापासारखी भासते, शिंपल्यावर रुप्याचा भास होतो, तापल्या रानात पाणी दिसते. संसारही तसाच भासमान, असा त्यांचा अर्थ लावून आपण पुढे जातो. प्रबंधांतून या दृष्टान्तांची वर्गवारी होते, त्यांचे मूळ संस्कृत वेदान्तग्रंथांत दाखवले जाते आणि ‘पारंपरिक’ हे विशेषण जोडले की समीक्षकाची जबाबदारी संपते. (अशी एक कोष्टकवजा वर्गवारी प्रस्तुत लेखकाच्याही प्रबंधात आहे, हे येथे कबूल केलेले बरे.) या पद्धतीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला : हे तिन्ही भ्रम एकाच जातीचे आहेत काय?

ते तसे नाहीत, हे अनुभवाच्या पातळीवर सहज कळते. दिवा आणला की दोरीवरचा साप नाहीसा होतो. एकदा दोरी म्हणून ओळखल्यावर, प्रयत्न करूनही, तो साप पुन्हा तसा दिसत नाही. मृगजळाचे असे होत नाही. ते पाणी नव्हे हे पुरते ठाऊक असलेल्या माणसालाही ते दिसतच राहते. चैत्रात जालन्याहून अंबडमार्गे घनसावंगीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर भर दुपारी पुढच्या चढाच्या अलीकडे पाणी चमकते. आपण जवळ जातो तसे ते पुढे सरकते. बसमधला पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक आणि त्याच्या शेजारी बसलेली निरक्षर म्हातारी या दोघांना ते सारखेच दिसते. एकाने जाणले म्हणून त्याच्यापुरते ते आटत नाही.

अद्वैत वेदान्ताने हा भेद स्वतः नोंदवला आहे. निरुपाधिक भ्रम अधिष्ठानाच्या ज्ञानाने निवृत्त होतो. सोपाधिक भ्रम मात्र ज्ञानानंतरही, उपाधी आहे तोवर, प्रतीत होत राहतो. जास्वंदीच्या फुलाजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो. तो तांबडा नाही हे समजल्याने त्याची लाली जात नाही. फूल बाजूला करावे लागते. दर्शनशास्त्राने केलेला हा भेद आमच्या साहित्यसमीक्षेत मात्र उतरला नाही. दृष्टान्त हा आशयाचा केवळ वाहक आहे, आशय पोहोचला की वाहन सोडून द्यावे, अशी आपली धारणा. वाहन बदलले की प्रवासही बदलतो, ही शक्यता तीत सुचत नाही.

मृगजळाला ‘डोळ्यांची फसगत’ म्हणणेही तसे अचूक नाही. जमिनीलगतची हवा अतोनात तापते व विरळ होते. तिच्यातून तिरकस खाली येणारा आकाशाचा प्रकाश वळून पुन्हा वर येतो आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यात शिरतो. डोळा जे टिपतो ते खरोखरच तेथून येत असते. कॅमेऱ्यानेही ते टिपता येते. दोरीवरच्या सापाचे छायाचित्र कोणालाही काढता येणार नाही. म्हणजे मृगजळात इंद्रिय चुकत नाही. चमकणाऱ्या त्या पट्ट्याला आपण ‘पाणी’ म्हणतो, तेथे चूक होते. न्यायसूत्रावरील भाष्यात प्रत्यक्षाचे लक्षण सांगताना वात्स्यायनाने नेमके मृगजळच उदाहरणादाखल घेतले आहे. उन्हाळ्यात सूर्यकिरण भूमीच्या उष्म्याशी मिसळतात, थरथरतात, दूर उभ्या माणसाच्या डोळ्याशी त्यांचा संनिकर्ष होतो आणि ‘पाणी’ असे ज्ञान उपजते, असे त्याचे विवेचन आहे. प्रकाशाचे वक्रीभवन त्याला ठाऊक होते असा दावा करण्याचे कारण नाही. आपल्याकडे असे दावे करण्याची हौस बरीच आहे. परंतु इंद्रिय आणि अर्थ यांचा संपर्क खरा असूनही ज्ञान खोटे असू शकते, ही गोष्ट त्याने नीट हेरली होती, आणि तीच आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे.

२

रज्जुसर्पाच्या दृष्टान्तात एक सत्तासंबंध दडलेला आहे. एकाला साप दिसतो, दुसऱ्याला दोरी. दुसऱ्याच्या हाती दिवा आहे. पहिला अज्ञ, दुसरा ज्ञाता. पहिल्याने दुसऱ्याचे ऐकावे म्हणजे त्याचे भय क्षणात जाईल. गुरुशिष्यसंबंधाला याहून सोयीची प्रतिमा सापडणे कठीण. पण या दृष्टान्तात ज्याच्या भयाचा उपहास झाला आहे, त्याची बाजू कोणी मांडलेली नाही. मराठवाड्यातला शेतकरी कृषिपंपाची वीज रात्री येते म्हणून मध्यरात्री बांधावरून पाणी द्यायला जातो. त्याच्या वाटेत घोणस असू शकते, मण्यार असू शकते. दोरीला साप समजण्याची किंमत एक दचकणे आणि दोन पावले मागे सरणे एवढीच. सापाला दोरी समजण्याची किंमत त्याला पुरती माहीत आहे. ज्या मनाला अंधारात दोरी सापासारखी दिसते ते अज्ञ नव्हे, सावध मन आहे. कोणत्या बाजूने चुकले तर निभावते, हे त्याला कळते. संवेदनविषयक आधुनिक विचारही, हेल्महोल्ट्झच्या एकोणिसाव्या शतकातील ‘अबोध अनुमाना’च्या कल्पनेपासून रिचर्ड ग्रेगरीपर्यंत, असेच काहीसे सांगतो : पाहणे म्हणजे अपुऱ्या पुराव्यावर केलेले अनुमान असते. भ्रम हा त्या यंत्रणेतला बिघाड नसतो; तिच्या नेहमीच्या कामाचाच तो एक परिणाम असतो.

मृगजळाच्या दृष्टान्तात हा सत्तासंबंध टिकत नाही. ज्ञाता आणि अज्ञ दोघांच्याही दृष्टीला तेच दृश्य असते. फरक पडला तर तो पावलांत पडतो : एक घागर घेऊन निघतो, दुसरा निघत नाही. म्हणून या दृष्टान्तातील उपदेशकाला श्रोत्यापेक्षा वेगळी नजर असल्याचा दावा करता येत नाही. परंपरेने येथे हरिणाला पुढे केले, हे लक्षणीय आहे. पाण्याच्या भासामागे धावून मरणारे हरीण हा कविसंकेत आहे, निरीक्षण नव्हे. आमच्या भागात हरणांचे कळप शेतात शिरतात ते कोवळ्या पिकासाठी. मृगजळामागे धावणारे हरीण मला तरी कोणा शेतकऱ्याने दाखवलेले नाही. अज्ञानाचे ओझे माणसावरून काढून जनावरावर टाकल्याने उपदेश सुकर झाला, एवढेच.

ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातील नावेचा दृष्टान्त या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. कर्मात अकर्म पाहणाऱ्याचे वर्णन करताना ज्ञानेश्वर नावेत बसलेल्या माणसाचे उदाहरण देतात. त्याला तीरावरची झाडे वेगाने मागे जाताना दिसतात, आणि नीट पाहू जाता तो म्हणतो की झाडे तर स्थिर आहेत. हे उदाहरण शंकराचार्यांच्या गीताभाष्यात त्याच श्लोकाच्या अनुषंगाने आले आहे; ज्ञानेश्वरांनी ते तेथून घेतले यात शंका नको. मात्र मराठी ओवीत ते आल्यावर भर कोठे पडला ते पाहावे. झाडे स्थिर आहेत असे जो म्हणतो तो नावेतून उतरलेला नाही. नाव चालते आहे, त्याच्या डोळ्यांपुढून झाडे जात आहेत आणि तरीही तो ती स्थिर असल्याचे म्हणतो. ज्ञान आणि आभास येथे एकाच माणसात, एकाच वेळी नांदतात. लगेच पुढे ज्ञानेश्वर उदयास्तामुळे न चालणाऱ्या सूर्याचे चालणे दिसते, असे म्हणतात. या ओवीवरून ज्ञानेश्वरांना सूर्यकेंद्री विश्वरचना ज्ञात होती, असा निष्कर्ष काढणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्या वादात शिरण्याचे प्रयोजन नाही. महत्त्वाचे हे की ज्ञानेश्वरांनी निवडलेला हा भ्रम रोजचा आहे, सर्वांचा आहे आणि ज्ञान्यालाही त्यातून बाहेर पडून उभे राहण्यास जागा नाही. कर्म करीत असताना नैष्कर्म्य जाणायचे असेल तर दोरीचा साप कामाचा नाही, कारण तेथे ज्ञान झाले की दृश्यच संपते. येथे दृश्य चालू राहायला हवे. दृष्टान्ताची निवड आशयाने घडवली आहे आणि आशयालाही त्या निवडीने आकार दिला आहे, तो असा.

अलंकारशास्त्राने या प्रश्नाला स्पर्श करून तो सोडून दिला. विश्वनाथाच्या मते भ्रान्तिमान् अलंकारातील भ्रान्ती प्रतिभेतून उठलेली हवी. शिंपल्यावर रुपे दिसणे ही नुसती चूक, तो अलंकार नव्हे. हा निर्णय रास्त आहे. पण त्यामुळे साध्या ऐंद्रिय चुकीची वाङ्मयीन दखल घेण्याची वाट बंद झाली आणि आमच्या वर्गांत भ्रान्तिमान् हा ससंदेह व अपह्नुती यांच्यापासून वेगळा कसा ओळखावा, एवढाच परीक्षोपयोगी प्रश्न उरला. रसचर्चेत शंकुकाने मात्र अधिक धीट पाऊल टाकले होते. नटाच्या ठायी राम पाहणारा प्रेक्षक सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही ज्ञानप्रकारांहून निराळ्या प्रतीतीने पाहतो. चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो, तसे. अभिनवगुप्तांनी पुढे या मताचे खंडन केले असले, तरी प्रेक्षकाची ही अवस्था मृगजळाच्या जातीची आहे हे ध्यानात यावे. ठाऊक असूनही दिसत राहणे, ही कलानुभवाची अट आहे.

३

एवढ्या तयारीने ‘दासबोधा’च्या दहाव्या दशकातील सहाव्या समासाकडे येऊ. हा भ्रमनिरूपणाचा समास. त्याचा कर्ता जांबचा. ते गाव आज जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात आहे. १६०८ साली रामनवमीला तेथे जन्मलेल्या नारायण सूर्याजी ठोसर यांच्याविषयी महाराष्ट्रात एवढे लिहिले गेले आहे, पण त्यातील मोठा भाग राजकारण, महाराष्ट्रधर्म आणि शिवाजी महाराजांशी त्यांचा संबंध यांच्याभोवती फिरतो. त्या वादळात अशा समासांकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. जे गेले ते पारमार्थिक विवरणासाठी.

समासाची रचना पाहावी. आरंभी निर्गुण परब्रह्म आणि उत्पत्ती-स्थिती-संहार यांची वेदान्ती मांडणी आहे. मग रामदास एकाएकी व्याख्येची पद्धत सोडतात आणि यादी करू लागतात. ओवीमागून ओवी, प्रत्येकीत एकदोन उदाहरणे आणि शेवटच्या चरणात तोच ठोका : याचे नाव भ्रम. या यादीत काय नाही? काच पाहून पाणी समजणारा आहे. आरशात सभा पाहून तिच्यात शिरू जाणारा आहे. दार चुकून भलतीकडे जाणारा आहे. झाड पाहून भूत समजून दचकणारा आहे. एक असताना दुसरेच वाटणे, एक सांगितले असता दुसरेच समजणे आहे. मयसभेची आठवण यावी अशा चकव्यांच्या शेजारी घरगुती विसरभोळेपणा बसला आहे. शास्त्रातील ठरीव त्रयीची शिस्त येथे पार मोडली आहे, आणि ऐकणारा हसतो. झाडाला भूत समजणारे कोणीतरी त्याच्याही गावात असतेच.

मग यादी हळूच वळते. मेलेले माणूस स्वप्नात आले, त्याने काही मागितले आणि तेच मनात घर करून बसले, हाही भ्रम. येथे दिलेले पुढे मिळते, मेलेला जेवायला येतो, हाही भ्रम. ब्रह्मदेव अदृष्ट लिहितो आणि सटवी ते वाचून जाते. अशा गोष्टीही भ्रम. सारे मिथ्या म्हणून बोलणाऱ्याचे मन सामर्थ्याकडे धावते आणि जाणते वैभवाखाली दडपतात, तोही भ्रम. प्रचितीवाचून घेतलेले औषध, प्रचितीवाचून सांगितलेले ज्ञान. देहाचा, कर्माचा, जातीचा, कुळाचा, ज्ञानाचा, एवढेच नव्हे तर मोक्षाचाही अभिमान. आणि प्रत्येक ठिकाणी तोच चरण, त्याच स्वरात.

या समासाचे वाङ्मयीन बळ त्या एकसुरीपणात आहे. रामदासांची शैली रूक्ष, याद्यांची, अशी तक्रार नेहमी केली जाते आणि ती पुष्कळ ठिकाणी खरी आहे. येथे मात्र यादी हीच युक्ती आहे. ऐंद्रिय चूक कोठे संपली आणि सामाजिक समजूत कोठे सुरू झाली, याची कोणतीही खूण कवी ठेवत नाही. स्वर चढवत नाही, ‘आता महत्त्वाचे ऐका’ असे बजावत नाही. झाडाच्या भुताला हसलेला श्रोता त्याच हसण्याच्या ओघात श्राद्धाच्या पानावर येऊन थांबतो आणि हसू अर्धे राहते. काच-पाण्याची चूक कबूल करायला कोणाला संकोच नसतो. जात्याभिमान त्याच पंक्तीला बसवला की नकार देणे अवघड होते, कारण पंक्तीचा नियम आपण आधीच मान्य केलेला असतो.

येथे एक आक्षेप आपणच आपल्यावर घ्यायला हवा. जात्याभिमानाला भ्रम म्हणणारा हाच कवी पाचव्या दशकाच्या आरंभी ब्राह्मणाच्या गुरुत्वाची आणि श्रेष्ठत्वाची ग्वाही देतो. या विसंगतीची नेहमीची उत्तरे दोन आहेत. भक्त म्हणतात, तो व्यवहार आणि हा परमार्थ. टीकाकार म्हणतात, हे ढोंग आणि ते खरे मत. पहिले उत्तर विसंगती झाकते. दुसरे उत्तर कवीला सरळ रज्जुसर्पाच्या न्यायाने मोजते : ज्याला दोरी दिसली त्याला साप दिसताच कामा नये, आणि ज्याअर्थी दिसतो त्याअर्थी त्याने दोरी पाहिलीच नाही. मला दोन्ही अपुरी वाटतात. म्यूलर-लायर याने १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेली आकृती आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे. दोन सारख्या लांबीच्या रेषा. एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडणारे. पट्टीने मोजा, त्या समान आहेत. पट्टी उचला, दुसरी पुन्हा लांब दिसते. मोजणाऱ्याचे मोजणे खोटे नसते आणि त्याचे दिसणेही खोटे नसते. जातीच्या बाबतीत रामदासांनी एकदा पट्टी लावली होती, हे दहाव्या दशकात दिसते. ती उचलल्यावर त्यांना काय दिसत राहिले, ते पाचव्या दशकात आहे. हे समर्थन म्हणून मी मांडत नाही. उलट, ढोंगापेक्षा हा प्रकार अधिक गंभीर आहे. ढोंग उघडे पाडता येते. समज आल्यावरही जी उंची-नीचता डोळ्यांना दिसतच राहते तिचे काय करायचे, याचे उत्तर दिवा आणून मिळत नाही. उपाधी हलवावी लागते, स्फटिकाजवळचे फूल उचलावे लागते, आणि ते काम यादी करीत नाही. जातिभेद मानत नसल्याचे सांगणाऱ्या आमच्या पिढीतील सुशिक्षितांनी स्वतःच्या घरातील सोयरिकी आठवून पाहाव्यात.

४

समासाचा शेट चमत्कारिक आहे. इतके सर्व भ्रम सांगून झाल्यावर श्रोत्याच्या तोंडी एक शंका येते : ज्ञात्याची समाधी पूजली तर तेथे काही प्रचिती येते की नाही? होऊन गेलेल्या अवतारांचे सामर्थ्य पुष्कळ चालताना दिसते. मग ते काय वासनेने गुंतून राहिले आहेत? शंका नोंदवली जाते आणि भ्रमाची कथा तेथेच संपते. उत्तर पुढच्या समासासाठी राखून ठेवले आहे. ज्या कवीच्या जन्मगावी आज रामनवमीला उत्सव भरतो आणि ज्याच्या सज्जनगडावरील समाधीला माणसे रांग लावून जातात, त्याने आपल्या भ्रमसूचीच्या अखेरीस समाधिपूजेचाच प्रश्न उभा करावा, यातला योग वाचकाने स्वतः अनुभवावा.

सातव्या समासातील उत्तर सावध आहे. मुक्त होऊन गेलेले ज्ञानी वासना धरून परत आलेले नाहीत. लोकांना चमत्कार होतो, लोक तो खरा मानतात, पण त्याचा विचार केला पाहिजे. जिवंत माणूससुद्धा आपण गेलेला नसताना दुसरीकडे लोकांना प्रत्यक्ष दिसतो. याला काय म्हणावे? तो लोकांचा भावार्थ. आवडती वस्तू स्वप्नात दिसली म्हणून ती कोठून चालत आली असे होत नाही. आपलीच कल्पना तेथे पदार्थ होऊन उभी राहते. म्हणजे दिसणे नाकारलेले नाही; दिसण्याचे कारण पाहणाऱ्याकडे आणून ठेवले आहे. एवढे म्हटल्यावर रामदास भाविकाला दुखवत नाहीत, कुतर्काला दूर सारतात आणि भजनमार्ग चालू ठेवण्यास सांगतात. त्यांनी येथे माघार घेतली, असे एखादा बुद्धिवादी म्हणेल. मला हे मृगजळाच्या शेजारी राहण्याचे धोरण वाटते. ते पाणी नव्हे असे सांगायचे, पण ‘तुला दिसतच नाही’ असे सांगायचे नाही.

आठव्या समासाचा विषय प्रचिती. रामदासांचा हा आवडता शब्द आणि त्यांच्या विचारातील सर्वांत अवघड जागाही तीच. इंद्रिये चुकतात, स्मृती चुकते, समूहाची समजूत चुकते, हे दोन समासांपूर्वी विस्ताराने सांगितल्यावर प्रचितीला आधार कशाचा? त्यांचे उत्तर पाहण्यात नाही, पारखण्यात आहे. रत्न आणि नाणे पारखून घ्यावे, घोडा दमून पाहावा, बी उगवते की नाही ते पाहून मग त्यासाठी द्रव्य घालावे. यातील एकही उदाहरण नुसत्या डोळ्याचे नाही. प्रत्येकात काही करावे लागते आणि वाट पाहावी लागते. काचेला पाणी समजणारा एका दृष्टिक्षेपात फसला. बी तपासणाऱ्याला काही दिवस थांबावे लागते. भ्रम आणि प्रचिती यांतील भेद रामदासांनी काळावर उभा केला आहे, असे मला वाटते. मुंबई-पुण्याच्या विवेचकांना या ओवीत कदाचित केवळ एक उपमान दिसले असेल. जालन्यात ती वाचताना तसे होणे शक्य नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको स्थापन केली आणि पुढे हे शहर बियाण्यांच्या व्यापाराचे नाव झाले. पेरणीआधी गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून, ओले करून, किती उगवतात ते मोजण्याची रीत विद्यार्थ्यांना शिकवावी लागत नाही.

हे समास पदव्युत्तर वर्गात वाचत असताना, २०१२-१३ च्या दुष्काळात ज्याच्या घरची मोसंबीची बाग जळाली होती असा एक विद्यार्थी मागच्या बाकावरून म्हणाला, “सर, गोणपाटात शंभरपैकी नव्वद उगवले की बी जिवंत आहे एवढं कळतं. पाऊस पडंल का, ते त्या गोणपाटात नाही कळत.” मी त्याला रामदासांनी असमानी आणि सुलतानीविषयी लिहिले आहे, १६३० च्या सुमाराचा मोठा दुष्काळ त्यांच्या तारुण्यात पडला होता, असे काहीसे सांगितले. ते त्याच्या म्हणण्याचे उत्तर नव्हते, हे बोलतानाच मला कळत होते. आठवा समास मी त्यानंतर पुन्हा वाचला. बी पाहून घेण्याच्या ओवीपाशी रामदास थांबत नाहीत. लगेच औषधाच्या उदाहरणाकडे जातात. पावसाचा उल्लेख तेथे नाही.